अनाथाची सेवा : धम्म काय सांगतो?



आजच्या पाठाचा विषय एका घरात निघालेल्या वादातून घेतला आहे. गोंदिया शहराला लागून कुडवा आहे. तेथील एका कुटुंबाने त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा घेऊन धम्मदीक्षा घेतली, त्याला अजून फार दिवस झालेले नाहीत. घरातली थोरली मुलगी परिचारिका आहे, रुग्णालयात नोकरी करते. तिच्याबरोबर काम करणारी मैत्रीण ख्रिस्ती आहे. त्या मैत्रिणीच्या चर्चमधून दहा-बारा मंडळी दोन आठवड्यांसाठी नेपाळमधल्या एका बालगृहात सेवेला जाणार आहेत. लेकरांना न्हाऊ-खाऊ घालायचे, भिंती रंगवायच्या, खेळ घ्यायचे, गाणी शिकवायची आणि प्रभू येशूची गोष्ट सांगायची, असा कार्यक्रम. मैत्रीण म्हणाली, "तूही चल. तुला दवापाण्याचे कळते. लेकरांना उपयोग होईल."

मुलीला जावेसे वाटते. वडील म्हणाले, "त्यांची सेवा म्हणजे शेवटी बाप्तिस्माच. एका खोड्यातून आताच पाय काढला, तो दुसऱ्यात कशाला घालायचा?" काका म्हणाले, "दादा, निदान ते लोक जातात तरी. आपल्या विहारात वर्षातून चार कार्यक्रम होतात, भोजनदान होते. पण टोलीतल्या बिनमायच्या पोराने काल काय खाल्ले, हे कोणी विचारते काय?" आजी बराच वेळ गप्प होती. शेवटी तिने एवढेच विचारले, "त्या लेकरांचे मायबाप कुठे आहेत?"

तिघांचेही बोलणे टाकून देण्यासारखे नाही. वडिलांच्या बोलण्यात भीती आहे, काकांच्या बोलण्यात लाज आहे आणि आजीच्या प्रश्नात शहाणपण आहे. आपण क्रमाने विचार करू.

१. सेवा कोणाचीही असो, तिला सेवाच म्हणावे

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता. तो आपल्याच घाणीत पडून होता. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो कोणाच्या उपयोगाचा नव्हता. तथागत आनंदासह तेथे आले. त्यांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले, आणि दोघांनी मिळून त्याला उचलून बिछान्यावर ठेवले. मग संघाला बोलावून त्यांनी समजावले की, तुमचे आईबाप येथे नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते, त्याने रोग्याची सेवा करावी, असा त्या उपदेशाचा आशय आहे.

वाचकहो, हा प्रसंग परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातही घेतला आहे. तो का घेतला असेल, याचा विचार करा. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य या विषयावर लेख लिहिला. त्यात त्यांनी त्या काळच्या भिक्खूंवर कठोर टीका केली. भिक्खूंजवळ विद्या नाही आणि सेवाही नाही, हे त्यांचे दुखणे होते. सेवेचे नाव निघाले की लोकांना रामकृष्ण मिशन आठवते, बौद्ध संघ आठवत नाही, याची त्यांना खंत होती. तेव्हा कुडव्याच्या काकांना वाटलेली लाज नवी नाही. ती बाबासाहेबांनाही वाटली होती.

ख्रिस्ती मिशनऱ्यांनी आपल्या भागात शाळा काढल्या, दवाखाने काढले. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात आले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही तेथे आहे. महात्मा जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. हे मान्य करण्यात आपल्याला कमीपणा नाही. ज्याने चांगले केले त्याला चांगले म्हणणे ही मुदिता आहे, आणि मुदिता आपल्या चार ब्रह्मविहारांपैकी एक आहे.

पण चांगले म्हणणे आणि डोळे मिटून मागे जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सेवेचीही कसोटी असते.

२. केडगावचा धडा

ही कसोटी समजण्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ चा. दुष्काळाच्या वर्षांत अन्नावाचून फिरत असताना त्यांचे आईवडील गेले. भूक काय असते ते त्यांना पुस्तकातून कळले नव्हते. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेव्हा सनातन्यांनी त्यांच्यावर आग पाखडली. महात्मा फुल्यांनी मात्र १८८५ साली 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. त्याच जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी आजचा गोंदिया जिल्हा वेगळा झाला. रमाबाई त्या प्रांतातल्या दुष्काळी भागात गेल्या आणि उपाशी, टाकलेल्या मुलींना व विधवांना घेऊन आल्या. अशा सुमारे तीनशे जणींना त्यांनी आसरा दिला. पुण्याजवळ केडगावला त्यांनी जे घर उभे केले त्याचे नाव 'मुक्ती'. पुढे १९०० च्या सुमारास तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मुलींना वाचायला शिकवले, विणकाम, शेती, छापखान्याचे काम शिकवले. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचण्याची लिपी शिकवली.

या कामाला परदेशातून ख्रिस्ती बायका येऊन मिळाल्या. अमेरिकेच्या मिनी एब्रम्स १८९८ साली केडगावला आल्या आणि त्यांनी तेथे वर्षानुवर्षे काम केले. हे लक्षात ठेवा. आज दोन आठवड्यांची सेवा-सहल निघते. त्या काळच्या बाया घर सोडून येत, रमाबाईंच्या हाताखाली राहत आणि तापाच्या साथीतही मुलींना सोडून जात नसत.

आता या कार्याची दुसरी बाजू पाहा. केडगावच्या आधी, ११ मार्च १८८९ रोजी, रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले होते. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. सदनात कोणावर ख्रिस्ती धर्म लादला जाणार नाही, असे आश्वासन होते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती. परंतु काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि वाद पेटला. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. केडगावला तर पालक विचारायलाच नव्हते. तेथे अन्नाबरोबर ख्रिस्ती प्रार्थना मिळाली आणि पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या.

यावर आपण काय म्हणावे? ज्या समाजाने त्या मुलींना रस्त्यावर मरू दिले, त्या समाजाला रमाबाईंकडे बोट दाखवण्याचा अधिकार नव्हता. एवढे स्पष्ट बोलून मगच पुढचा प्रश्न विचारावा. तो प्रश्न असा : जे मूल भाकरीसाठी तुमच्या हाताकडे पाहत आहे, त्याला तुम्ही धर्म दिला, तर त्याने तो घेतला असे म्हणता येईल काय? 'नको' म्हणण्याची ताकद ज्याच्यात नाही, त्याच्या 'हो'ला किंमत किती?

याच महाराष्ट्रात दुसरी वाटही होती. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव, सावित्रीबाई आणि सत्यशोधक समाजाने धनकवडीला बालाश्रम चालवला आणि उपाशी मुलांना जेवू घातले. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा सावित्रीबाई आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या. त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. घासाच्या बदल्यात त्या मुलांकडून कोणत्याही धर्माचे नाव वदवून घेतले नव्हते.

३. शुद्धोदनाचे गाऱ्हाणे आणि संविधानाचे कलम

वाचकहो, आपला धम्म या प्रश्नावर गप्प नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी तो प्रत्यक्ष तथागतांपुढे आला होता.

तथागत कपिलवस्तूला आले तेव्हा राहुल लहान होता. आईच्या सांगण्यावरून तो वडिलांच्या मागे गेला आणि त्याने आपला वारसा मागितला. तथागतांनी सारिपुत्ताला सांगून त्याला प्रव्रज्या दिली. ही वार्ता शुद्धोदनाला कळली तेव्हा म्हातारा राजा कळवळला. आधी मुलगा गेला, मग नंद गेला, आता नातूही गेला. तो तथागतांकडे आला आणि म्हणाला की, पुत्रप्रेम कातडी, मांस आणि हाड भेदून मज्जेपर्यंत जाते. यापुढे आईबापांच्या अनुमतीवाचून कोणाच्या मुलाला प्रव्रज्या देऊ नये. तथागतांनी हे मान्य केले आणि तसा नियम घातला.

विचार करा. ज्यांना सर्व जग गुरू मानत होते, त्यांनी एका दुःखी आजोबाचे म्हणणे ऐकले आणि संघाचा नियम केला. हा नियम श्रीमंतांच्या मुलांपुरताच होता काय? नाही. बाबासाहेबांच्या ग्रंथात श्रावस्तीच्या सोपाकाची कथा आहे. त्याची आई प्रसववेदनांत बेशुद्ध पडली. ती मेली असे समजून लोकांनी तिला स्मशानात नेले. तेथे सोपाक जन्मला आणि आई गेली. स्मशानाच्या राखणदाराने आपल्या सुप्पिय या मुलाबरोबर त्याला वाढवले. सात वर्षांच्या सोपाकाने तथागतांकडे दीक्षा मागितली, तेव्हा तथागतांनी त्याला आधी वडिलांची संमती आणण्यास सांगितले. तो स्मशानाच्या राखणदाराला घेऊन आला, त्याने संमती दिली आणि मग सोपाकाला संघात घेतले. अस्पृश्य स्मशानराख्याची संमती राजा शुद्धोदनाच्या संमतीइतकीच मोलाची ठरली. गरीब आईबाप हेही आईबापच असतात, हे यातून शिकायचे.

हाच विचार आपल्याला भारताच्या संविधानात सापडतो. कलम २८(३) असे आहे की, सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घेण्यास भाग पाडता येणार नाही. आणि ती व्यक्ती अज्ञान असेल तर पालकाची संमती लागेल. शुद्धोदनाचे गाऱ्हाणे आणि हे कलम शेजारी ठेवून वाचा.

प्रौढ माणसाची गोष्ट निराळी. तो वाचतो, तपासतो, ठरवतो. गोंदियावरून जाणाऱ्या नागपूर-राजनांदगाव रेल्वेत १८९३ साली कवी नारायण वामन टिळकांची एका गोऱ्या पाद्र्याशी गाठ पडली. त्याने त्यांना बायबलचा नवा करार दिला. टिळकांनी तो वाचला, मनाशी झगडा केला आणि १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा मार्ग आपला नाही, पण तो त्यांनी स्वतः निवडला. बाबासाहेबांनी तर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. एकवीस वर्षे त्यांनी धर्मांचा अभ्यास केला. सर्व बाजूंनी त्यांना बोलावणी आली, पैशाची आमिषे आली. ते विकले गेले नाहीत. ज्या बापाने एकवीस वर्षे विचार करून दीक्षा घेतली, त्याची लेकरे आपण. आपण कोणाच्याही उपाशी पोराला एका ताटाच्या मोलाने बौद्ध करू नये, आणि आपले पोर कोणाला एका ताटाच्या मोलाने देऊ नये.

४. आजीचा प्रश्न

आता आजीकडे वळू. "त्या लेकरांचे मायबाप कुठे आहेत?"

बालगृह म्हटले की तेथे सगळी पोरकी मुले असतील, असे आपल्याला वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. कंबोडिया या बौद्ध देशात २००५ ते २०१० या काळात बालगृहांची संख्या झपाट्याने वाढली. त्यावर २०११ साली युनिसेफच्या सहकार्याने झालेल्या पाहणीत आढळले की, त्या घरांतील चारपैकी जवळजवळ तीन मुलांच्या आईवडिलांपैकी एक तरी जिवंत आहे. मग घरे का वाढली? परदेशातून पाहुणे येत होते, देणग्या येत होत्या, आणि पाहुण्यांना दाखवायला मुले लागत होती. नेपाळातही यादवी युद्धाच्या काळात हुम्लासारख्या दूरच्या डोंगरी जिल्ह्यांतून दलालांनी आईबापांकडून पैसे घेतले, "शिकवून मोठे करतो" असे सांगितले आणि मुले काठमांडूला नेली. तेथे काही मुलांचे नाव बदलले, कागदोपत्री त्यांना अनाथ केले आणि देणगीदारांपुढे उभे केले. गावात आई वाट पाहत होती आणि शहरात लेकरू अनाथ म्हणून प्रार्थना म्हणत होते.

सगळीच बालगृहे अशी नाहीत. जी खरी आहेत त्यांचा अपमान आपण करू नये. पण हा धंदा इतका पसरला की, ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराचीही दखल घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ साली बालहक्कांवरील ठरावात अनाथालयांतील हौशी स्वयंसेवेमुळे होणारे नुकसान थांबवावे, असे राष्ट्रांना सांगितले.

चांगल्यात चांगल्या बालगृहातही मुलाला घराची सर येत नाही. रुमानियात शास्त्रज्ञांनी २००० नंतर १३६ लहान मुलांचा अभ्यास केला. निम्मी मुले संस्थांत राहिली, निम्मी पालक-कुटुंबांत वाढली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणे आणि माया लावण्याची शक्ती अधिक चांगली वाढली. जी दोन वर्षांच्या आत गेली त्यांना सर्वांत जास्त लाभ झाला.

हे समजण्यासाठी आपल्याला रुमानियापर्यंत जाण्याची गरज नव्हती. सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया गेली. त्याला कोणी वाढवले? मावशी महाप्रजापती गौतमीने. बाबासाहेब पाच-सहा वर्षांचे असताना त्यांची आई भीमाबाई गेली. त्यांना कोणी सांभाळले? आत्या मीराबाईने. शरीराने अधू असलेल्या त्या माउलीने भावाची लेकरे पोटाशी धरली. मावशीने आणि आत्याने पदर पसरला नसता, तर जगाला तथागत आणि आपल्याला बाबासाहेब मिळाले असते काय? पोरके लेकरू आप्तांच्या घरात वाढवणे, ही आपल्या धम्माच्या इतिहासातली पहिली बालसेवा आहे.

५. मैत्रीचा जवळचा शत्रू

येथे मनाच्या एका फसवणुकीची ओळख करून घ्यावी. आचार्य बुद्धघोषांनी विशुद्धिमग्गात प्रत्येक ब्रह्मविहाराचे दोन शत्रू सांगितले आहेत. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष. तो लगेच ओळखू येतो. पण जवळचा शत्रू आहे आसक्ती. ती मैत्रीसारखीच दिसते, म्हणून घरात शिरते. करुणेचा दूरचा शत्रू क्रूरता, आणि जवळचा शत्रू आपलेच दुःख, आपलाच हळहळण्याचा उमाळा.

पाहुणे बालगृहात येतात. मुले धावत येऊन गळ्यात पडतात. पाहुण्याचे डोळे भरतात. त्याला वाटते, या लेकराला माझी किती गरज आहे! चौदा दिवसांनी पाहुणा जातो, फोटो घेऊन जातो. पुढच्या महिन्यात दुसरा येतो. ज्या लेकराला एकदा आई सोडून गेली, त्याला वर्षातून दहा वेळा कोणी तरी सोडून जाते. अनोळखी माणसाच्या गळ्यात चटकन पडणारे मूल प्रेमाने तृप्त असतेच असे नाही. कित्येकदा ते भुकेले असते. पाहुण्याला समाधान मिळाले आणि लेकराला नवी जखम, तर ती करुणा झाली काय?

म्हणून सेवा करताना स्वतःला विचारावे : मी याच्या दुःखासाठी आलो आहे, की माझ्या समाधानासाठी? हा प्रश्न ख्रिस्ती माणसाने विचारावा, तसा बौद्धानेही विचारावा. जयंतीच्या दिवशी वसतिगृहात केळी वाटून फोटो काढणारे आपणही आहोत.

६. मग त्या मुलीने काय करावे?

निर्णय तिचा आहे. ती सज्ञान आहे, कमावती आहे. वडिलांनी धाकाने अडवू नये. कालामांना तथागतांनी जे शिकवले, ते आपल्या घरातल्या मुलीलाही लागू आहे : स्वतः तपासून, हितकारक वाटले तरच स्वीकारावे. तिने जाण्याआधी पाच गोष्टी तपासाव्या.

पहिली, ते बालगृह त्या देशाच्या सरकारकडे नोंदलेले आहे काय? दुसरी, तेथील किती मुलांचे आईवडील किंवा नातेवाईक जिवंत आहेत, आणि त्यांना परत घरी पोचवण्याचे काम तेथे होते काय? तिसरी, मुलांना कोणत्या धर्मात वाढवावे याबाबत घरच्यांची इच्छा विचारली होती काय, आणि प्रार्थनेला न बसणाऱ्या मुलालाही तेच जेवण, तोच बिछाना मिळतो काय? चौथी, पाहुण्यांना मुलांबरोबर एकटे राहू देतात काय? देत असतील तर ते घर मुलांना जपत नाही. पाचवी, आपण जे काम करणार ते तेथील माणूस करू शकणार नाही काय? भिंत रंगवायला काठमांडूत रंगारी आहेत. त्यांना मजुरी मिळू द्यावी.

उत्तरे समाधानकारक नसतील, तर मैत्रिणीला नम्रपणे नाही म्हणावे आणि का, तेही सांगावे. तीही विचार करील. खरी मैत्रीण असेल तर रागावणार नाही.

उत्तरे चांगली असतील, तर परिचारिका म्हणून जावे. मुलांना कुरवाळण्यापेक्षा तेथे कायम राहणाऱ्या बायांना जुलाबात क्षारसंजीवनी कशी द्यावी, ताप कसा मोजावा, जखम कशी धुवावी, हे शिकवून यावे. आपण गेल्यावर जे उरते तेच खरे दान. इतर लोक प्रार्थना करतील तेव्हा आदराने बाजूला बसावे. आपण त्रिशरण घेतलेले बौद्ध आहोत, हे सुरुवातीलाच सांगावे. लपवू नये आणि मिरवूही नये. मुलांना कोणताही धर्म शिकवण्यात भाग घेऊ नये. ख्रिस्ताचा नाही, आणि संधी मिळाली म्हणून आपलाही नाही.

वडिलांनाही एक सांगणे आहे. ख्रिस्ती माणसाच्या पंगतीला बसल्याने कोणाचा धम्म जात नाही. जो धम्म शेजारी बसल्याने जातो, तो आपल्याला समजलेलाच नसतो. मुलीला धम्म नीट समजावून दिला असेल तर भीतीचे कारण नाही. नसेल, तर तो आजपासून समजावा, आणि स्वतःही समजून घ्यावा.

७. आपल्या टोलीतले लेकरू

आता काकांची लाज. ती दूर कशी करायची?

एक हिशेब करा. दोन आठवडे रोज आठ तास सेवा केली तर ११२ तास होतात. दर रविवारी दोन तास आपल्या वस्तीत दिले, तर वर्षाच्या ५२ रविवारांचे १०४ तास होतात. जवळजवळ तेवढेच! पण फरक असा की, रविवारी येणारी ताई पुढच्या रविवारीही येते. लेकराला तिची वाट पाहता येते.

आपल्या भागात रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत आई पहाटे शेतावर जाते. कोणाचे बाप कामासाठी परमुलखात गेलेले असतात. २०२० आणि २०२१ च्या कोरोनाने किती तरी घरांतले कमावते माणूस नेले. अशा घरातल्या लेकराला बालगृह लागत नाही, आधार लागतो. महाराष्ट्र शासनाची 'क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना' त्यासाठीच आहे. अनाथ, एकच पालक असलेल्या किंवा संकटातल्या घरच्या मुलाला कुटुंबातच वाढवता यावे म्हणून ती दरमहा अनुदान देते. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याकडे करावा लागतो. कागद गोळा करायला विधवा बाईला चार खेपा घालाव्या लागतात आणि तेवढ्यात तिची मजुरी बुडते. विहारातल्या शिकलेल्या तरुणाने तिचे कागद तयार करून दिले, तर ते मोठ्या दानाइतकेच पुण्याचे काम आहे.

आणि सावध राहा. कोणी परका माणूस घरी येऊन, "मुलगा द्या, परराज्यात इंग्रजी शाळेत फुकट शिकवतो" असे म्हणत असेल, तर तो कोणत्याही धर्माचा असो, आपल्या धर्माचा असला तरी, कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे प्रत्येक बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे, आणि सोडून दिलेले किंवा निराधार मूल सापडले तर त्याला चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे तोच कायदा सांगतो. शंका आली की १०९८ या क्रमांकावर फोन करावा. त्याला पैसे लागत नाहीत.

ज्या मुलाला खरोखरच कोणी नाही, त्याच्यासाठी चांगले घर लागतेच. राजगृहात उकिरड्यावर टाकलेले अर्भक अभय राजकुमाराने उचलले, वाढवले, शिकू दिले. तोच पुढे तथागतांचा वैद्य जीवक झाला. असे घर, असे वसतिगृह उभे करायला पैसा लागतो. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा, असे सांगितले होते. शंभरातले पाच रुपये. त्यातला काही भाग टोलीतल्या एका लेकराच्या वह्या-पुस्तकांवर आणि दुधावर खर्च झाला, तर तो धम्मकार्यातच गेला असे समजा. सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची आपली तेरावी प्रतिज्ञा आपण ओठांनी म्हणतो, ती हातांनी पाळण्याची ही रीत आहे.

मिशनऱ्यांकडून चिकाटी शिकावी, शुद्धोदनाच्या गाऱ्हाण्यातून मर्यादा शिकावी, महाप्रजापती आणि मीराबाईंकडून माया शिकावी. मूल कोणाच्याही धर्माची लूट नाही. ते माणूस आहे. त्याला आधी पोटभर जेवू द्या, आईजवळ राहू द्या, शिकू द्या. मग मोठे होऊन, शहाणे होऊन त्याने आपला मार्ग निवडावा. आपला धम्म खरा आहे असा आपल्याला विश्वास असेल, तर तेवढी वाट पाहण्याचे धैर्य आपल्यात असले पाहिजे.

घरी बसून विचार करण्यासाठी

१. राहुलाच्या प्रव्रज्येनंतर तथागतांनी कोणता नियम केला? तो आज आपल्या घरात कोठे लागू पडतो?

२. सोपाकाच्या कथेत राखणदाराच्या संमतीला महत्त्व का आहे?

३. मैत्री आणि आसक्ती यांतला फरक आपल्या अनुभवातले उदाहरण देऊन सांगा.

४. आपल्या टोलीत आई किंवा बाप नसलेली मुले किती आहेत? त्यांची नावे घरातल्या कोणाला सांगता येतात काय?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर येत्या पौर्णिमेच्या आत शोधून काढा. विहारात जमाल तेव्हा वंदनेनंतर पहिला विषय तोच घ्या.

नमो बुद्धाय! जय भीम!